गगनमल्लाचा डावा हात

धुळाचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं. माणूस वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. पण सज्जन आणि अबोल माणसावर चिडायचं म्हणजे फार कष्टाचं काम. आपण घसा फोडून ओरडतो, तो मान हलवत "व्हय गुरुजी" म्हणतो आणि पुन्हा त्याला करायचं तेच करतो. वर आपल्यालाच वाटायला लागतं की आपण उगीच ओरडलो.

साल पासष्ट-सहासष्टचं. मी तेव्हा इस्लामपुरात हायस्कुलात मराठी शिकवत होतो. धुळा पेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी गोणपाट टाकून बसायचा. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायची हा त्याचा धंदा. मूळचा आटपाडीकडचा धनगर. एका दुष्काळात बापाची मेंढरं गेली, तेव्हा हा पोटासाठी इकडे आला आणि एका तांबटाच्या हाताखाली राहिला. शाळेत एक दिवस गेला नव्हता. पण बारीक छिन्नी आणि इवलीशी हातोडी हातात घेतली की अक्षर असं टपोरं उतरायचं, की माझ्या वर्गातल्या पोरांनी ते गिरवावं. गिऱ्हाइकानं नाव कागदावर लिहून द्यायचं. ज्याला लिहिता येत नसे त्याचं नाव धुळा घरून कुणाकडून तरी लिहून आणायचा. मग कागद एकदा नीट बघायचा, गोणपाटाखाली सारायचा आणि टक टक टक सुरू करायचा. बोलणं शून्य. खांद्यावर उन्हाळ्यातसुद्धा काळं घोंगडं.

त्याच्या धांदरटपणाची एक गोष्ट सगळ्या पेठेला माहीत होती. आष्ट्याचे दोन भाऊ वेगळे निघाले. घराची वाटणी झाली, रानाची झाली, भांड्यांची झाली. वाटलेली भांडी बैलगाडीत घालून दोघं धुळाकडे आले. या ढिगावर थोरल्याचं नाव घाल, त्या ढिगावर धाकट्याचं, असं सांगून बाजारात गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर दोन्ही ढिगांवर, घागरीपासून उलथन्यापर्यंत, एकच नाव. रंगुबाई. त्यांच्या आईचं. म्हातारी घरी जिवंत होती, आणि ती कुणाच्या वाटणीला जायची एवढंच काय ते ठरायचं राहिलं होतं. भाऊ खवळले. धुळा म्हणाला, "चुकलं मालक. एका जुन्या तांब्यावर तेच नाव हुतं. हात तसाच चालत ऱ्हायला." कोरलेलं नाव पुसता येत नाही. भाऊ आले तसेच एका गाडीत बसून परत गेले, आणि पुढे बरीच वर्षं त्या घरात एकच चूल होती म्हणतात. लोक ही गोष्ट हसत हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करता येऊ नये, याची मला मनस्वी चीड.

धुळाला एकच मुलगी. बना. ती माझ्या वर्गात आठवीत होती आणि डावखुरी होती.

डावखुरेपणा ही माझ्या लेखी खोड होती, नखं खाण्यासारखी. वेळीच मोडली तर मोडते. अशी तीन मुलं मी सरळ केली होती आणि त्याचा मला अभिमान होता. बनाला पहिल्याच दिवशी सांगितलं, टाक उजव्या हातात, डावा हात पाठीमागे. डावा पुढे आला की पट्टी. पोरगी रडायची नाही. बापासारखीच मान हलवायची, डावा हात पाठीमागे घ्यायची आणि उजव्यानं लिहायला लागायची. हुशार किती म्हणाल, कविता दोनदा ऐकली की पाठ. वर्गात तोंडी प्रश्न विचारला की बाकीच्यांचे हात वर जायच्या आत हिचं उत्तर तयार. पण कागदावर ते वेडंवाकडं अक्षर आणि तीन तासांत निम्मा पेपर. सहामाहीला चार विषयांत नापास झाली.

त्या आठवड्यात धुळा शाळेत आला. वर्षभरात एवढाच एकदा. चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"गुरुजी, पोरीचा मामा आलाय आटपाडीस्नं. सिद्धू. त्यो म्हणतोय, वार्षिकीला नापास झाली की शाळा बास. वैशाखात माज्या पोराबरोबर लगीन. बायकोबी त्याच्याच बाजूनं हाय."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हणलं, आन पास झाली तर?"

"तर?"

"तर म्याट्रिकपर्यंत पुन्हा लग्नाचं नाव काढायचं न्हाई. शब्द घेटलाय त्याच्याकडनं."

मी त्याला धीर दिला. म्हणालो, "पास होईल. सगळा घोळ त्या हाताचा आहे. एकदा हात सुधारला की झालं. उद्यापासून मी आणखी कडक होतो."

धुळानं माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, "तुमी गुरुजी हाय. तुमाला कळतंय." चपला घातल्या आणि गेला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

आता गगनमल्लाकडे येतो.

मुंबईला गिरणीत कुणाचा काका, कुणाचा भाऊ असायचा. ते सुट्टीला येताना चित्रांची रंगीत पुस्तकं आणायचे. त्यांत बुरखा घातलेले परदेशी वीर इमारतींवरून उड्या मारायचे, आणि आमची पोरं भूगोलाच्या पुस्तकात दडवून ती वाचायची. मी अशी सात पुस्तकं जप्त केली. जप्त केली म्हणजे वाचणं आलं, आणि वाचल्यावर मनात आलं की आपल्या पोरांना आपला वीर का असू नये? दिवाळीच्या सुट्टीत बसून मी 'वीर गगनमल्ल' लिहिला. ब्रह्मचारी, सत्यवचनी, पहाटे हजार जोर काढणारा. आकाशात उडतो, डोंगर उचलतो. त्याचा शत्रू दुष्ट भस्मानंद, जो गावोगावी काळा धूर सोडून माणसांना आळशी करतो. भाषा अशी पल्लेदार, की वाचता वाचता छाती फुगावी. एक अक्षर विनोदी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे सगळा तालुका या पुस्तकाला विनोदी म्हणायला लागला.

राजारामचा पेठेत छापखाना होता. लग्नपत्रिका आणि जाहिराती छापायचा. दर दीड-दोन महिन्यांनी सोळा पानांचा एक अंक छापायला तो कबूल झाला, पण चित्रांसाठी जस्ताचे ठसे कोल्हापूरहून करून आणायला नाही म्हणाला.

"त्यापेक्षा धुळाला सांगा की गुरुजी. लाकडावर कोरून देतोय. माझ्या त्या कुस्त्यांच्या जाहिरातीतली पैलवानांची जोडी बघितली न्हवं? आन वरची ती मोठी अक्षरं, जंगी मैदान? सगळी त्याचीच."

ती जाहिरात मी स्टँडवर पाहिली होती. अक्षरं सुबक होती, पैलवान पैलवानासारखे दिसत होते. मी धुळाकडे गेलो, सगळी कथा त्याला वाचून दाखवली, कुठल्या पानावर कसलं चित्र ते समजावून सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच विचारलं, "ही पुस्तक बनाच्या वर्गातली पोरं वाचणार व्हय?"

"म्हणजे काय! त्यांच्यासाठीच आहे."

"मग काढतो," म्हणाला.

पहिला अंक डिसेंबरात निघाला. मजकुराची प्रुफं मी तीनदा तपासली. चित्रांची तपासली नाहीत. चित्रात काय चुकणार? अंक वर्गात वाटले आणि दोन मिनिटांत वर्ग असा हसायला लागला, की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले.

मी अंक उघडला. गगनमल्लाच्या पाठीवर मी लिहिलेल्या तलम रेशमी वस्त्राऐवजी घोंगडं फडफडत होतं. ते एक वेळ जाऊ द्या. मजकूर म्हणत होता, 'गगनमल्ल विजेच्या वेगाने आकाशात झेपावला.' चित्रात तो झेपावला होता खरा, पण हातात रॉकेलचा डबा होता, आणि खाली अंगणात त्याची आई रेशनकार्ड हलवत काहीतरी ओरडत होती. त्याला आई आहे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. पुढच्या पानावर तो भस्मानंदाच्या गुहेत शिरला होता, पण चपला गुहेबाहेर नीट काढून ठेवलेल्या. आणि भस्मानंद जेवायला बसलेला असल्यामुळे वीर पुरुष दाराशी उकिडवा बसून त्याचं जेवण उरकायची वाट बघत होता. छातीवर मात्र मी सांगितला होता तसा 'ग' होता, ठसठशीत.

एवढ्यात पहिल्या बाकावरचा नाथाजी उठला. "गुरुजी, लिवलंय उजवा हात, आन चित्रात डावा हाय."

खरंच. मजकूर म्हणत होता, 'गगनमल्लाने आपला वज्रासारखा उजवा हात उगारला.' आणि चित्रात त्यानं उगारला होता डावा. त्या एकाच नव्हे, सगळ्या चित्रांत. डाव्या हातानं ठोसा, डाव्या हातानं डोंगर. उजवा हात कायम पाठीमागे.

तसाच तडक पेठेत गेलो. धुळा एका कळशीवर नाव घालत होता.

"हे काय आहे?"

त्यानं अंक उलटापालटा करून बघितला. "चुकलं गुरुजी. भांड्यावर जसं कोरलं तसं दिसतंय. ठसा छापला की पलटी खातोय. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"आणि दुसरा हात पाठीमागे कशाला?"

"ऐट हाय," धुळा म्हणाला.

कपाळावर हात मारून घेतला. पण चूक समजण्यासारखी होती. जन्मभर भांड्यांवर कोरलेला माणूस, ठशात डाव्याचं उजवं होतं हे विसरला असेल. मी त्याला कागदावर चित्र काढून, कागद उजेडात उलटा धरून, सगळं नीट समजावलं. "व्हय गुरुजी," म्हणाला.

जानेवारीच्या अंकात गगनमल्ल पुन्हा डावखुरा. उजवा हात पाठीमागे. या वेळी तो उडता उडता कुणाच्या तरी छपरावर उतरला होता, कौलं फुटली होती, आणि भस्मानंद पळून जात असताना हा शिडीवर चढून कौलं बदलत बसला होता, कारण घरमालकीण खाली काठी घेऊन उभी होती. कौलसुद्धा डाव्या हातानं बसवत होता.

"धुळा!"

"आवं, ह्या बारीला ध्यान ठिवूनच पलटी केली. पण आधी एकदा सवयीनं झाली हुती वाटतं. दोनदा पलटी केली की परत जाग्यावरच येतंय न्हवं."

मी घरी गेलो आणि माझा दाढीचा आरसा आणून त्याच्या हातात दिला. म्हणालो, "हा ठशासमोर धर. आरशात जसं दिसेल तसं छापणार. आरशात उजवा हात दिसला पाहिजे. समजलं?" पुढच्या बाजारी विचारलं, आरसा वापरतोस ना? धुळा म्हणाला, "व्हय की. लय झ्याक आरसा हाय गुरुजी. दाढीला कामाला आला."

इकडे तालुक्यात गगनमल्लानं धुमाकूळ घातला. अंक कमी पडायला लागले. आष्ट्याहून पोरं सायकलवर येऊन राजारामच्या दारात उभी राहायची. माझी पल्लेदार वाक्यं कुणी वाचत नव्हतं, सगळे चित्रंच बघायचे. गगनमल्ल हे नावही मागे पडलं. पोरं त्याला डाव्या म्हणायला लागली. 'डाव्या आला का?' 'डाव्यानं ह्या बारीला काय केलं?' आणि नक्कल तर विचारू नका. कवायतीत अर्धी रांग डाव्या हातानं सलाम ठोकायची. मैदानावर गोळा डाव्या हातानं फेकायची आणि तो भलतीकडे पडायचा. एकजण फळ्यावर डाव्या हातानं गणित सोडवायला गेला, गणितही चुकलं आणि खडूही मोडला. मला बघितलं की कार्टी एक हात पाठीमागे घेऊन ऐटीत उभी राहायची. जातायेता पट्टी वापरून माझाच खांदा दुखायला लागला.

एवढ्या सगळ्या गोंधळात खरी डावखुरी मुलगी तेवढी उजव्या हातानं लिहीत होती. मी तिच्यावरचं लक्ष कमी केलं नव्हतं. वार्षिक परीक्षा जवळ येत होती, वैशाख जवळ येत होता, मामानं साडी घेऊन ठेवल्याचंही कानावर आलं होतं. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मी तिला थांबवून शुद्धलेखन लिहायला लावत होतो. पोरीनं पास व्हावं असं मनापासून वाटत होतं हो मला. अर्ध्या तासात तिच्या सहा ओळी व्हायच्या. मी चिडायचो, ती मान हलवायची.

मार्चमध्ये हेडमास्तरांनी बोलावलं. कुणाच्या तरी आजीनं येऊन तक्रार केली होती, की नातवानं देवाचा प्रसाद डाव्या हातात घेतला आणि वर 'डाव्याबी असाच घेतोय' म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या अंकात त्याचा हात बदला, नाहीतर पुस्तक शाळेत आणायचं नाही."

मी राजारामच्या छापखान्यात गेलो. तिसऱ्या अंकाचे ठसे धुळानं नुकतेच आणून दिले होते. राजारामनं एकावर शाई फिरवून कागद दाबून काढला होता. डावा हात. मी अद्वातद्वा बोललो. म्हणालो, "राजाराम, हा माणूस मठ्ठ आहे. त्याला उलट-सुलट कळतच नाही. जन्मात कळायचं नाही. तूच बघ आता!" आणि त्याला चूक दाखवायला म्हणून ठसा उचलून हातात घेतला.

आजवर मी छापलेलं चित्रच बघत आलो होतो. ठसा कधी हातात घेतला नव्हता.

ठशावर गगनमल्लाच्या छातीवरचा 'ग' उलटा कोरलेला होता. आरशात दिसावा तसा, काना अलीकडे आणि पोट पलीकडे. म्हणून तर तो कागदावर सरळ उमटत होता. पहिल्या अंकापासून सरळच उमटत होता. मी त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. चुका शोधायची सवय लागलेल्या माणसाला बरोबर असलेलं दिसत नाही.

कुस्त्यांच्या जाहिरातीची ती मोठी लाकडी अक्षरं कोपऱ्यात रचून ठेवली होती. तीही सगळी उलटी कोरलेली. धुळाला ठशाची पलटी माहीत होती. माझ्या आधीपासून माहीत होती. ज्यानं छातीवरचं अक्षर उलटं कोरलं, त्याला त्याच छातीशेजारचा हात उलटा करता येत नव्हता? मला ते आष्ट्याचे दोन भाऊ आठवले, आणि घागरीपासून उलथन्यापर्यंत कोरलेली रंगुबाई.

ठसा घेऊन पेठेत गेलो. धुळा परातीवर नाव घालत होता. मी ठसा त्याच्यासमोर ठेवला.

"हा ग उलटा कोरलास."

"व्हय. छापला की सरळ यावा म्हणून."

"आणि हात?"

टक टक थांबली. त्यानं छिन्नी खाली ठेवली. इतक्या महिन्यांत मी बोलायला लागल्यावर त्यानं काम थांबवलं असं पहिल्यांदाच झालं.

"गुरुजी, तुमास्नी कसं सांगायचं वो? तुमी गुरुजी. आमच्या सात पिढ्यांत कोण शाळंत गेलं न्हाई. पोरीला तुमी शिकवताय, तिथं मी कोण तोंड वर करून बोलणारा? म्हणलं, चित्र काढून बघू. गुरुजी शाणा माणूस, बघितल्या बघितल्या ध्यानात यील. एक हात पाठीमागं बांधून घेटलेला गडी, रोज वर्गात त्येच बघताय. एक अंक काढला, तुमी मला शिव्या घातल्या. दुसरा काढला, आरसा घिऊन आला. तीन अंक झालं गुरुजी. तीन! अजून किती मोठं चित्र काढू?"

त्यानं गोणपाटाखाली हात घालून कागदांची एक चळत काढली आणि माझ्यापुढे सारली. गिऱ्हाइकांची नावं, गावं, सप्रेम भेट वगैरे. मधे मधे माझ्या गगनमल्लातली वाक्यं, कुठल्या पानावर काय ते ध्यानात राहावं म्हणून उतरवलेली. अक्षर असं, की ओळीखाली पट्टी ठेवून लिहिलंय असं वाटावं.

"कुणाचं आहे?"

"घरी कोण पट्टी मारत न्हाई तिला," धुळा म्हणाला.

पुढचे चार दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. शाळा सुटल्यावर बनाला थांबवलं नाही. सांगावं, बाई गं, तुझ्या हातानं लिही, असं रोज ठरवून वर्गात जायचो आणि व्याकरण शिकवून परत यायचो. अठरा वर्षं पट्टी चालवलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य निघतच नव्हतं. तिघांना सरळ केलं होतं मी. ती तीन मुलं आता कुठे असतील आणि कसं लिहीत असतील, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. माझी मलाच लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो. त्या चार दिवसांत घरातले दोन कप फुटले.

वार्षिकीच्या पहिल्याच पेपरला मी माझ्याच वर्गावर होतो. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या. बना खिडकीजवळच्या बाकावर. टाक उजव्या हातात, डावा पाठीमागे, उजव्या बाजूला शाईची दौत. लिहायला लागली. एक ओळ, मग दुसरी. मी तिच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो. ती सवयीनं आणखी ताठ बसली आणि पाठीमागचा हात तिनं आणखी मागे ओढून घेतला. पट्टीची वाट बघत असणार.

मी वाकलो, तिची दौत उचलली आणि बाकाच्या डाव्या बाजूला ठेवली.

तिनं दौतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शाळेचा शिपाई सायकल पुसत होता. जरा वेळानं मागे टाकाची कुरकुर सुरू झाली. इतकी भरभर, की शेजारचा नाथाजी आपला पेपर सोडून तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. मी त्याच्यावर खेकसलो. शेवटचा अर्धा तास उरला असताना बना उभी राहिली.

"गुरुजी, पुरवणी."

वर्षभरात या मुलीनं पुरवणी मागितली नव्हती. मी घेऊन गेलो. तिनं हात पुढे केला, डावा. मोठ्या माणसाकडून डाव्या हातानं काही घेऊ नये, हे मी स्वतः तिला शिकवलं होतं. मी पुरवणी त्या हातात दिली.

बना पास झाली, सगळ्या विषयांत. मामा सिद्धू निकालाच्या दिवशी आला होता. निकालपत्र त्यानं दोन्ही बाजूंनी बघितलं, मला वाचून दाखवायला लावलं, आणि साडी घेऊन आटपाडीला परत गेला. जाताना धुळाला म्हणाला, "शब्द म्हंजे शब्द." माणूस तसा सरळ होता.

तिसरा अंक परीक्षेच्या गडबडीत शाळेबाहेरच, राजारामच्या दारात खपला होता. मे महिन्यात चौथा अंक काढायचा ठरला. ठसे तयार आहेत असा धुळाचा निरोप आला, म्हणून छापखान्यात गेलो. राजारामनं कागद दाबून काढला आणि माझ्या हातात दिला.

गगनमल्लानं आपला वज्रासारखा उजवा हात उगारला होता. मजकुराप्रमाणे, तंतोतंत. डावा पाठीमागे.

माझं टाळकं सरकलं. कागद घेऊन पेठेत गेलो. "धुळा, हे काय केलंस?"

"का? तुमी पहिल्या दिवसापासनं सांगताय तसंच केलं की. उजवा. हेडमास्तरबी खूष."

"अरे, पोरं मला जगू देतील का? त्यांना डाव्या पाहिजे. सगळ्या तालुक्याला डाव्या पाहिजे. नवीन कोर."

"आवं गुरुजी!" धुळानं हातातली हातोडी गोणपाटावर आपटली. त्याला चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. "चार म्हैनं उजवा उजवा करून माजा जीव घेटला. आरसं काय आणलं, शिव्या काय घातल्या. आन आता सोळा पानांचं ठसं कोरून झाल्यावर म्हणताय डावा! एकदा काय त्ये ठरवा तरी!"

"ठरलं. डावा. हेडमास्तरांचं मी बघतो."

तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मग मागं वळून लाकडाचा एक कोरा तुकडा घेतला, हातानं पुसला, आणि पेन्सिल टेकवता टेकवता थांबला.

"आन दुसरा हात? पाठीमागंच ठिवू का?"

"नको," मी म्हणालो. "दोन्ही पुढे घे."

धुळानं मान हलवली. "व्हय गुरुजी," म्हणाला, आणि कोरायला बसला.